मावशी, आज फक्त गुडघे

बाय, तुझं बारावं व्हायच्या आत तुझा फोटो मागायला माणसं आली.

दोघं होते, कडक इस्त्रीच्या शर्टातले. विरारचा तो ट्रस्ट, जो दर महिन्याला गुडघेदुखीचं फुकट शिबीर भरवतो, त्याचे कार्यकर्ते. तुझी सून सुनंदा चहा टाकायला उठली, तिला मी डोळ्यांनीच खाली बसवलं. "मावशींचा एखादा हसरा फोटो असेल तर द्या," त्यातला एक म्हणाला. पुढच्या शिबिराच्या बॅनरवर तुला लावायचं होतं. म्हणे त्यांच्या बऱ्या झालेल्या पेशंटांमध्ये तू अगदी वरच्या नंबरची. श्रद्धांजलीची श्रद्धांजली होईल आणि नव्या पेशंटांना धीर येईल.

बरी झालेली पेशंट! रक्त ओकून गेलीस तू, आणि हे मला तोंड वर करून सांगतायत, बरी झालेली. माझं डोकंच सणकलं. इतकी वर्षं शाळेत शिकवताना जे शब्द मी दाताखाली दाबून धरले, ते सगळे त्या दिवशी अर्नाळ्याच्या तुझ्या ओटीवर बाहेर पडले. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. ते दोघे अर्धवट चपला घालून पळाले. तू असतीस तर माझ्या तोंडावर हात ठेवला असतास आणि त्यांना बसवून चहा पाजला असतास, वर दोन खारी पण दिली असतीस. तिथेच तर आपलं बहिणींचं कधी जमलं नाही.

तुला राग यायचा नाही असं कोण म्हणेल? किनाऱ्यावर लिलाव सुरू झाला की तुझा आवाज किल्ल्यापर्यंत जायचा. टोपलीत वर मोठी कोलंबी आणि खाली बारीक निघाली, तर त्या नाखव्याच्या सात पिढ्या तू उद्धरायचीस. आणि हीच बाई डॉक्टरच्या टेबलापुढे गेली की गोगलगाय. पदर सावरून, मान खाली घालून, "व्हय साहेब, व्हय साहेब." मला ते बघवायचं नाही. अगं, ज्या तोंडाने तू नाखव्याला गप्प केलंस ते तोंड तिथे कुठे ठेवून यायचीस?

आई गेल्यावर तिची टोपली तू उचललीस म्हणून माझ्या हातात पुस्तक राहिलं. हे मी तुला कधी नीट बोलून दाखवलं नाही, कारण बोलायला गेले की तू "चल, नाटकं नको करू" म्हणून उठून जायचीस. मला मास्तरीन म्हणून चिडवायचीस. पण मी बाजारात आले की नवीन गिऱ्हाइकाला मुद्दाम सांगायचीस, "ही माझी बहीन. वसईला ऱ्हाते, शालेत मास्तरीन हाय." आणि मग माझ्या पिशवीत न विचारता चार बोंबील जास्त टाकायचीस. उमेळ्याकडच्या माझ्या शाळेत मी मोठी बाई असेन, तुझ्या पाटाशेजारी मी कायम तू वेणी घालून दिलेली पोर होते.

तुझा पाय आधी पायऱ्या उतरताना दुखायला लागला, मग बसताना. तुझ्या धंद्यातलं बसणं म्हणजे खुर्चीवरचं बसणं नव्हे. जमिनीवर पाट, एक पाय दुमडलेला, दुसऱ्या पायाने विळी दाबून धरलेली, आणि दिवसभर तसंच कापत राहायचं. मी मोठ्या हौसेने तुला उंच स्टूल आणून दिलं. तू ते मांजरासाठी ठेवलंस. "गिऱ्हाईक वाकून मावरं बघतंय आन् मी वर राजावानी बसू? आन् विळीवर पाय कोन ठेवंल, तुझा नवरा?" बाजारातल्या सगळ्या बाया खदखदून हसल्या, मीही हसले. तेव्हा हसायला काय जात होतं!

तुमच्या बाजारात औषधाची परीक्षा एकच. गोळी घेतली आणि कापायला बसता आलं की डॉक्टर चांगला. जितकं लवकर बसता येईल तितका तो जास्त चांगला. एकीला गुण आला की तिच्या पाकिटातल्या गोळ्या मशेरीच्या डबीसारख्या सगळ्या रांगेत फिरायच्या. तुझ्या शेजारी बसणाऱ्या देवकीच्या गोळ्या तू खायचीस, तुझ्या ती. पहाटे, होड्या किनाऱ्याला लागायच्या आधी, पोटात अन्नाचा कण नाही, वरून नुसता कोरा चहा. मी ओरडले की तू म्हणायचीस, "तुझा पाय दुखतो काय? मंग गप ऱ्हा."

तरी मी तुमच्यावर फार भडकत नाही. म्हणजे भडकते, पण कमी. चुकीची का होईना, तुमच्याकडे निदान एक परीक्षा होती. तुला बसता येतंय का, हा साधा प्रश्न त्या शिबिरातल्या एकाही शहाण्याने तुला विचारला नाही.

मी शाळेला सुट्टी टाकून पहिल्यांदा तुझ्याबरोबर शिबिराला आले ते आठवतंय ना? लग्नाचा हॉल, मागच्या लग्नाच्या झिरमिळ्या अजून छताला लटकलेल्या. टमटममधून उतरताना तू दांडा धरून एवढा वेळ थांबलीस की मागचा रिक्षावाला हॉर्न मारायला लागला. रांग रस्त्यापर्यंत. आत पोचलो तेव्हा डॉक्टरांनी तुझा एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला, "झीज आहे" म्हणाले आणि सुई भरायला घेतली. तू जांघेवर हात ठेवून हळूच म्हणालीस, "डाक्टरसाहेब, हितं जास्त दुखतंय. हितून खाली उतरतंय गुडघ्यात."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. बाजूचा मदतनीस म्हणाला, "मावशी, आज फक्त गुडघे."

फक्त गुडघे! म्हणजे आज फक्त बोंबील, पापलेट उद्या. अरे, माणसाचा पाय काय सुटा सुटा मिळतो? मी म्हटलं, "अहो, तिला झोपवून पाय हलवून तरी बघा, ती काय सांगतेय ते ऐका." डॉक्टर म्हणाले, "ताई, मागे रांग बघा." आणि तू, बाय, तू माझं मनगट असं दाबलंस की बांगडी रुतली. सुई टोचली, गोळ्यांचं पाकीट हातात आलं, पुढची बाई खुर्चीत बसली.

बाहेर येईपर्यंत तू ताठ चालायला लागलीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "बघ मास्तरीन, आला का नाय गुन?" आला होता, मी नाकारत नाही. कितीतरी दिवस तू बसलीस, कापलंस, भांडलीस. मग गुण उतरला. मग परत सुई, परत पाकीट, दर वेळी जरा जाड. पुढे पुढे तर सुईचा असर घरी पोचेपर्यंत टिकला तरी नशीब. पण तू जायची थांबली नाहीस आणि त्यांनी टोचायचं थांबवलं नाही.

एवढ्या खेपांमध्ये एकाने विचारलं नाही की मावशी, पोटात जळजळ होते का. ब्लडप्रेशर बघितलं नाही. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार हलका होतो, त्यासाठी खुर्चीत बसल्या बसल्या करायचा व्यायाम असतो, हे मला शाळेतल्या एका बाईंकडून कळलं, त्यांच्या सासूला कुठल्याशा दवाखान्यात शिकवला होता. काठी कुठल्या हातात धरायची, हेसुद्धा सांगायचं असतं. तुला काय सांगितलं? "वजन कमी करा." दिवसाला टोपलीभर मावरं डोक्यावर वाहणाऱ्या बाईला कसं करायचं ते न सांगता नुसतं "कमी करा." डोंबल त्यांचं!

आणि मग तो त्यांचा वर्धापनदिन. स्टेज, हार, माइक. पाहुणे बोलून झाले, सत्कार झाले आणि डॉक्टरांनी माइक हातात घेतला. "ज्यांना ज्यांना आमच्या उपचारांनी बरं वाटलं, त्यांनी हात वर करा." सगळा हॉल हात वर. देवकीला दोघींनी बखोटीला धरून आणलं होतं, तिनेही वर केला. आणि तू? त्या सकाळी संडासातून उठायला तुला सुनंदाचा आधार लागला होता. तूही केलास, तोसुद्धा दुसऱ्यांपेक्षा उंच.

मग तुला स्टेजवर बोलावलं. "आमच्या अर्नाळ्याच्या जनीमावशी. बघा कशा चालतात!" तू स्टेजच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललीस. टाळ्या. फोटो. तोच फोटो त्यांच्याकडे आहे खरं तर, पण त्यात तू हसत नव्हतीस म्हणून त्यांना दुसरा हवा होता. हसशील कशी? निघायच्या आधी मुठीतून गोळ्या तोंडात टाकताना मी बघितलं होतं तुला.

परत येताना टमटममध्ये आपलं जुंपलं. मी म्हटलं, "खोटा हात का वर केलास?"

"खोटा कसला? एवढा मोठा मानूस तोंडावर विचारतो, बरं वाटतं काय. नाय म्हनून त्याचं तोंड पाडू?"

"अगं, तो जेवण कसं झालं विचारत नव्हता!"

"तसंच हाय ता," तू म्हणालीस आणि समोरच्या दोन अनोळखी बायांनी माना डोलावल्या.

आपल्याकडे कोणी दारात येऊन "बरं आहे ना?" विचारलं की "बरं हाय" म्हणतात, आत तापाने पोर फणफणलेलं असलं तरी. ही आपली रीत. विचारणाऱ्याला लाजवायचं नाही. लहानपणापासून मी तेच करत आले, मला ती रीत आवडतेसुद्धा. पण त्या रीतीवर कोणी आपल्या उपचाराचे मार्क काढून घेईल असं कोणाला वाटलं होतं? पुढच्या आठवड्यात विरार स्टेशनबाहेर बोर्ड लागला, गुडघेदुखीवर हमखास गुण, आणि खाली तुम्हा सगळ्यांचे वर केलेले हात.

मी शिकवायला लागले तेव्हा वर्गाला विचारायचे, "समजलं का?" सगळी पोरं एका सुरात, "हो बाईऽऽ." थोड्याच दिवसांत मला अक्कल आली. समजलं का ते विचारून कळत नाही, गणित घालून बघावं लागतं. तुलाही तसंच बघायला हवं होतं. पाटावर बस म्हणायला हवं होतं. संडासातून एकटी उठून दाखव म्हणायला हवं होतं. शिवाय त्या हॉलमध्ये होतं कोण? ज्या येऊ शकल्या त्या. ज्यांचे पाय बिछान्यातून उतरेनात, ज्या कंटाळून यायच्या बंद झाल्या, त्यांचे हात कोणी मोजले? पास झालेल्या पोरांनाच वर्गात बोलवायचं आणि निकाल शंभर टक्के म्हणून पेढे वाटायचे, असा सगळा कारभार.

हे मी तुला टमटममध्ये ओरडून ओरडून सांगितलं. तू बाहेर नव्या बिल्डिंगी बघत बसलीस आणि शेवटी म्हणालीस, "मास्तरीन, तू लोकांचे मार्क काढत बस. मला उद्या बाजार हाय." मी ठरवलं, गणपतीला तुझ्याकडे राहायला आले की नीट बसून भांडू. तुला सोडणार नव्हते मी.

गणपतीच्या आधीच सुनंदाचा एसटीडी बूथवरून फोन आला. "मावशी, सासूबाय रक्त ओकली." त्यांनी तुला गाडीत घालून वसईला आणलं तोवर तुझे ओठ पांढरे पडले होते. तिथला डॉक्टर पोरसवदा होता, दाढीही नीट उगवलेली नाही. तुझ्या पापणीची आतली बाजू बघितली आणि त्याचा चेहराच उतरला. सुनंदाने तुझ्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीतून आणल्या होत्या, त्या त्याने कॉटवर ओतल्या. "ह्या सगळ्या? किती वर्षं? उपाशी पोटी? संडासला काळं होत होतं का?" सुनंदा रडत म्हणाली, होत होतं, पण सासूबाय म्हणायची रक्ताच्या टॉनिकने होतंय. त्या गोळ्यांनी तुझं पोट आतून सोलवटून निघालं होतं आणि तू टॉनिकला नावं ठेवत होतीस.

त्याने तुला कुशीवर वळवलं तेव्हा तू किंचाळलीस. तो थांबला. तुझा पाय धरून हळूच आत-बाहेर फिरवला, परत तू कळवळलीस. "यांचा खुबा कोणी बघितला नाही?" त्याने आम्हाला विचारलं. "खुबा झिजला की दुखणं गुडघ्यात उतरतं." गुडघेही झिजले होते तुझे, नाही असं नाही. पण तुझा खरा जीव खात होता तो खुबा, आणि सुया खात होता गुडघा. जे तू पहिल्या दिवशी बोटाने दाखवलं होतंस ते बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं गं. अर्धं मिनिट नव्हतं त्यांच्याकडे, आणि स्टेज बांधायला वेळ होता!

मग तो तुझ्याजवळ वाकला. "मावशी, आता कसं वाटतंय?"

तू डोळे उघडलेस. रक्ताची दुसरी बाटली चढत होती, हात बर्फासारखे गार. आणि तू म्हणालीस, "बरं हाय, डाक्टर."

मला त्या क्षणी तुला गदागदा हलवावंसं वाटलं. जाता जातासुद्धा त्या पोराचं तोंड पडू दिलं नाहीस. त्यानंतर तू काही बोलली नाहीस. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं आटपलं.

आता मला तुझी आठवण येते तेव्हा आधी राग येतो. त्यांचा येतो, तुझा येतो, त्या टाळ्या वाजवणाऱ्या हॉलचा येतो. मग कोणीतरी दारावरून "मावरंऽऽ" म्हणून ओरडत जातं आणि मी उगाच बाहेर डोकावते. माझ्या घरी आता काटे काढून मासा वाढणारं कोणी नाही. एवढी मोठी झाले तरी तू माझ्या ताटातले काटे काढायचीस, मी नको म्हणायचे, तू ऐकायची नाहीस. मला ते फार आवडायचं. हे बोलायचं राहून गेलं, बाय.

बाराव्याला जेवणं उरकल्यावर देवकी आली. भिंत धरत धरत. ओटीवर टेकायला तिला एवढा वेळ लागला की मी उठून तिला धरलं. ती तुझ्यासाठी रडली, मीही रडले. मग डोळे पुसून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मास्तरीन, जनीच्या गोल्या उरल्यात काय गो? तिच्या गोल्यांना लय गुन होता."

"देवकी, त्या गोळ्यांनीच ती मेली!"

"मेली ती त्या दिवशी," देवकी म्हणाली. "पन इतकी वरसं बाजारात बसली ना? तू नको म्हनशील, नको तं नको. पन मी उद्या बसू कशी, ता सांग."

ट्रस्टवाल्यांना पळवून लावलं होतं मी, पण देवकीचा पाय माझ्या ओरडण्याने थोडाच वाकणार होता? गोळ्या मी तिला दिल्या नाहीत. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा तिला रिक्षात घालून त्या पोरसवदा डॉक्टरकडे नेलं. यायला तयार नव्हती, तुझी शपथ घातली तेव्हा निघाली.

त्याने विचारलं, "कसं आहे, मावशी?" देवकी म्हणाली, "बरं हाय." तो म्हणाला, "बरं असतं तर आला नसतात. विळीवर कशा बसता ते दाखवा." तिथे फरशीवर! देवकीने बसायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात अडकली, आम्ही दोघांनी तिला उचललं. मग त्याने तिला झोपवून दोन्ही खुबे फिरवून बघितले, गुडघे दाबले, पोट दाबलं. संडास घरात आहे का बाहेर, टोपली कोण उचलून देतं, रात्री कूस बदलताना जाग येते का, गोळ्या कोणाकोणाच्या खाता, सगळं विचारलं. खुर्चीत बसवून पाय सरळ करायला लावला, परत परत. रक्त तपासायला पाठवलं. जेवल्यावर घ्यायची एक साधी गोळी लिहून दिली आणि महिन्याने परत या म्हणाला, परत बसायला लावणार आहे. ऑपरेशनचंही बोलला, लागलं तर पुढे. बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते, तरी त्याची घाई दिसली नाही.

बाहेर आल्यावर देवकीने रिक्षाचा दांडा धरला आणि नाक मुरडलं. "कसला गो ह्यो डाक्टर! सुई नाय, काय नाय. निस्ता विचारत बसला."

बाय, तुलाही कोणीतरी असं निस्तं विचारत बसायला हवं होतं गं.